काही त्रास नाही ना?

धाकटीने तांबडीच्या कासेला हात घातला आणि आधी वाकून बघितलं. सड बोटांत आलाय की नाही, हे आता डोळ्यांनाच विचारावं लागत होतं. बोटं काही सांगत नव्हती. ती जागच्या जागी होती, हलतही होती, पण दुसऱ्या कुणाची तरी आणून मनगटाला चिकटवल्यासारखी. तिने अंगठा दुमडून दाबलं. धार बादलीत पडायची ती तिच्या गुडघ्यावर पडली. तांबडीने मान वळवली आणि शेपटीचा फटका हाणला.

"कळलं गं बाई," धाकटी म्हणाली. "तेवढी तूच राहिली होतीस बोलायची."

मोठी सून कधीच वेगळी निघून शहरात गेली होती, तरी हिला सगळे धाकटीच म्हणायचे. लग्न होऊन आली तशी गोठ्यात शिरली. हिचा हात लागला की परकी गायसुद्धा पान्हा सोडते, असं सासूबाई येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायच्या. त्या सुनेचं एवढं एकच कौतुक करत, पण ते मनापासून.

आजाराचं सगळं सुरू झालं ते दूध केंद्रावर. थंडी पडायच्या आधी तिथे मोठ्या दवाखान्याची माणसं टेबल मांडून बसली होती आणि डब्या वाटत होती. डबीत शौचाचा नमुना आणून द्यायचा, तो तपासून पोटातला कॅन्सर लवकर सापडतो. सिस्टर हे मोठ्या आवाजात समजावून सांगत होती, मापाडी कान टवकारून ऐकत होता आणि रांगेतले पुरुष मिशीत हसत होते. बाया किटल्या टाकून पळायच्याच बाकी राहिल्या. सिस्टर उन्हाची बिचारी घसा कोरडा करतेय आणि तिची एक डबी उचलली जात नाही, हे बघून धाकटीला वाईट वाटलं. "द्या बाई एक, तेवढंच तुमचं ओझं हलकं," असं म्हणून तिने ती पदराखाली दडवून घरी आणली. सासूबाईंनी डबी नाकासमोर धरून विचारलं, "अत्तर आहे का गं?" खरं कळल्यावर त्यांनी तीनदा हात धुतले.

मग पुन्हा बोलावणं आलं, मग नळी घालून तपासलं, मग ऑपरेशन. "लवकर सापडलं, सुटलीस," असं जो तो म्हणाला. धाकटीला सुटल्यासारखं काही वाटलं नाही. गेली होती ठणठणीत, आली पेशंट होऊन. तिला कधी पोटात दुखलंही नव्हतं.

आता गाठ परत येऊ नये म्हणून तीन आठवड्यांनी एकदा सलाईन, आणि मधे घरी गोळ्या. या सलाईनचा अभ्यास चालला होता, तुम्ही त्यात याल का, असं डॉक्टरीणबाईंनी नीट समजावून विचारलं होतं. धाकटी हो म्हणाली. तेव्हा तिला कुणी विहिरीत उडी मारता का विचारलं असतं तरी ती हो म्हणाली असती. दर वेळी सलाईन लावण्याआधी सिस्टर पेन उघडून विचारायची, "काही त्रास नाही ना?"

"नाही," धाकटी म्हणायची.

पहिल्या दोन वेळी ते खरं होतं. नंतर गार पाण्याला हात लागला की सुया टोचाव्यात तशा मुंग्या येऊ लागल्या. मग मुंग्या गेल्या आणि बोटांतून सगळंच गेलं. तरी ती नाहीच म्हणत राहिली, कारण शेजारच्या खुर्चीवर शिंपीण बसलेली असायची.

शिंपीण वयाने मोठी, बोलायला फटकळ. दोघींना एकाच दिवशी सलाईन असायचं. धाकटी तिला मावशी म्हणायची. एकदा धाकटीच्या हातून औषधाची बाटली निसटली, तेव्हा शिंपिणीने इकडेतिकडे बघून तोंड तिच्या कानाशी नेलं.

"बोटं गेली ना तुझी?"

धाकटी बाटली उचलायला वाकली.

"माझीही गेलीत. सुईत दोरा ओवून महिने झाले. गिऱ्हाइकांना सांगते, डोळे अधू झाले. पण इथे बोलू नकोस हां. तुझ्या आधी इथे एक बसचा ड्रायव्हर यायचा. उंचेला. पाय बधिर झाले म्हणाला आणि यांनी त्याचं औषध बंद केलं. पुढच्या हंगामाला माणूस नव्हता."

तेव्हापासून धाकटीच्या मनाने घेतलं. बोटं गेली तर गेली, जीव तर राहील. पण गोठ्यात बसलं की वाटायचं, हात गेल्यावर या जिवाचं करायचं काय?

*

त्या वर्षी उन्हाळा लवकर आला. शेतातलं हिरवं संपलं. ओढ्याच्या वरच्या अंगाला, जिथे थोडी ओल धरून होती, तिथे कमरेएवढं धारदार गवत उभं होतं. नवरा दिवसभर विटांच्या ट्रॅक्टरवर असायचा, सासूबाईंचे गुडघे त्या चढाला दाद देत नव्हते. म्हणून उन्हं चढायच्या आत धाकटीच जायची. डाव्या मुठीत गवत, उजव्या हातात विळा. मूठ किती घट्ट आहे ते कळायचं नाही, म्हणून विळ्याची मूठ तिने चिंधीने मनगटाला बांधून घेतली होती. कुणी दिसलं तर चिंधी सोडायची, पुढे गेलं की दातांनी पुन्हा बांधायची.

त्या दिवशी भारा डोक्यावर घेऊन ती घाईघाईने आली, कारण दुधाची वेळ टळत होती. हात मातीचे होते म्हणून पाण्याच्या बादलीत बुचकळून काढले, आणि तशीच तांबडीखाली बसली. दूध चांगलं आलं. फेसावर कुठेतरी किंचित लाली दिसली, पण गोठ्याच्या पत्र्यावरून येणारं ऊन तांबूसच असतं, असं म्हणून तिने दूध किटलीत ओतलं.

केंद्रावर मापाड्याने झाकण उघडलं आणि नाक मुरडलं. गाळणीवर थोडं ओतून त्याने ते सगळ्यांना दिसेल असं वर धरलं. पांढऱ्या कापडावर गुलाबी डाग पसरत गेला.

"काय वहिनी, सरबत आणलंय का?"

रांग हसली. धाकटीला कानशिलं तापल्याचं मात्र बरोबर कळलं.

"तुमच्या गाईच्या कासेत रक्त आहे. हे दूध मी घेणार नाही. आणि डॉक्टर बघून जात नाही तोवर उद्याचंही आणू नका. एका किटलीपायी माझी सगळी टाकी नासायची." मग त्याचा आवाज जरा खाली आला. "गटारीत नका ओतू, कुत्री गोळा होतात. तिकडे लांब ओता."

लांब म्हणजे रस्त्यापलीकडच्या खड्ड्यात. सगळ्यांच्या देखत तिने किटली पालथी केली. दूध सुकलेल्या मातीत आवाज न करता जिरलं.

घरी येईपर्यंत तिच्या डोक्यात एकच होतं. तांबडीला दगडी झाली. कास सुजणार, कडक होणार, गाय दुधाला कायमची मुकणार. आणि हे आपल्याच हातांनी झालं, धड पिळता येत नाही म्हणून. नवऱ्याला निरोप गेला, तो काम टाकून गुरांच्या डॉक्टरला घेऊन आला. डॉक्टरने चारी सड दाबून बघितले. दूध पांढरंशुभ्र.

"गाय तुमच्यापेक्षा निरोगी आहे," तो म्हणाला.

नवरा चक्रावला. सासूबाई मात्र गाईकडे बघत नव्हत्या. त्या दुधाच्या बादलीकडे बघत होत्या. बादलीच्या कडेवर आतून तांबडे ठसे होते. त्यांनी पुढे होऊन सुनेचा डावा हात धरला आणि उलटा केला. करंगळीशेजारच्या बोटाला पेराखाली उभी चीर होती, ओठ उघडल्यासारखी. रक्त मनगटापर्यंत येऊन वाळलं होतं.

"अगं, हे कधी?"

धाकटी आपल्याच बोटाकडे परक्यासारखी बघत राहिली. "मला माहीत नाही, आई."

"माहीत नाही म्हणजे?" नवरा ओरडला. "हाड दिसतंय!"

सासूबाईंनी तिच्या अंगठ्याच्या मऊ भागात नख रुतवलं, चांगलं जोरात. धाकटीचा चेहरा हलला नाही. त्या तिथेच गव्हाणीच्या काठावर बसल्या.

*

घरात दोन दिवस कुणी नीट जेवलं नाही. नवऱ्याचं म्हणणं, दवाखान्यात सांगायचं. मग तोच म्हणायचा, नको, थांब, ड्रायव्हरसारखं झालं तर. सकाळी एक आणि संध्याकाळी एक. मधेच तो तिच्यावर चिडायचा.

"मला तरी सांगायचंस!"

"तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही त्यांना सांगितलं असतं."

"नसतं सांगितलं."

"मग तुम्हीही माझ्यासारखेच घाबरत बसला असता. दोघांनी घाबरून काय मिळालं असतं?"

तो उठून गाईंना पाणी पाजायला गेला. दूध आता तोच काढायचा. तांबडी त्याला लाथा मारायची आणि धाकटी दारात उभी राहून, हात काखेत दाबून, बघायची.

अशात सिस्टरचा फोन आला. अभ्यासाचा पुढचा टप्पा ठरतोय. तो ठरवताना पेशंटना आणि घरच्यांनाही बसवायचं आहे, औषध घेताना खरं काय होतं ते त्यांच्या तोंडून ऐकायचं आहे. याल का?

"आमच्या तोंडून कशाला?" धाकटीने विचारलं.

"तुमच्याशिवाय कोण सांगणार?"

कळवते म्हणून तिने फोन ठेवला. हा डाव आहे, तिला वाटलं. कोण लपवतंय ते हुडकून काढायला बोलावलंय. पण नाही गेलं तर जास्तच संशय येईल. जायचं आणि मूग गिळून बसायचं, असं तिने ठरवलं. सासूबाईंनी बोटाची पट्टी बदलली आणि वरून तिच्या अंगात नवऱ्याचा लांब बाह्यांचा सदरा चढवला. बटणं लावून देताना त्या म्हणाल्या, "कुणी विचारलं तर सांग, सासूने चावलं."

*

दवाखान्याच्या वरच्या मजल्यावरची खोली. लांब टेबल, खिडकीला पडदे, भिंतीवर बंद पडलेला पंखा. डॉक्टरीणबाई, सिस्टर आणि एक तरुण डॉक्टर एका बाजूला न बसता मधेमधे विखरून बसले होते. त्यामुळे तर धाकटी आणखीच बावरली. कुणाकडे बघणं टाळायचं तेच कळेना. पेशंट म्हणून ती, शिंपीण, एक पोस्टमन आणि एक शाळामास्तर होते. कोपऱ्यात एक बाई मान खाली घालून बसली होती.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "औषधाने गाठ परत येते की नाही ते आम्ही मोजतो. ते घेऊन तुमचे दिवस कसे जातात, ते आम्हाला नीट मोजता येत नाही. आमच्याकडे सगळ्यांचं एकच उत्तर आहे, त्रास नाही. म्हणून म्हटलं, नीट बसून बोलू."

मास्तर घसा खाकरून म्हणाले, "उत्तम चाललंय." पोस्टमनने मान डोलावली. शिंपीण म्हणाली, "मला तर उलट भूक वाढलीय." आणि ती हसली, एकटीच.

चहा आला. पातळ कागदी कप, काठोकाठ भरलेले. सिस्टरने प्रत्येकापुढे एकेक ठेवला. "घ्या ना, गार होतोय."

धाकटीने कपाकडे बघितलं. कागदी कप म्हणजे कठीण काम. जास्त दाबलं तर चेपतो, कमी दाबलं तर निसटतो, आणि किती दाबलंय ते कळायचं कसं? तिने हात मांडीवरच ठेवले. मग तिने शिंपिणीकडे बघितलं. शिंपिणीचे हात शालीखाली होते. पोस्टमनचे टेबलाखाली. मास्तरांनी दोन्ही हातांची घडी घातली होती. डॉक्टरीणबाईंनी घोट घेतला, तरुण डॉक्टरने घेतला, सिस्टरने घेतला. चार कप मात्र तसेच. त्यांच्यावर साय धरू लागली.

आपण एकटे नाही, हे तिला कळलं आणि त्यानेच ती जास्त घाबरली. सगळेच असे. सगळेच खोटं बोलतायत. मग यांनी काय मोजलं? आणि आपल्या मागून येणाऱ्यांना हे काय देणार?

"सिस्टर," ती म्हणाली. "चहा कुणीच घेणार नाही. आम्हाला कप धरता येत नाही."

शिंपिणीने टेबलाखालून तिला पायाने ढोसलं. पण आता निघालं ते निघालं. बोटाची चीर, तांबडं दूध, मापाड्याची गाळणी, मनगटाला बांधलेली चिंधी. डबीचंही ती बोलली, केंद्रावर पुरुषांच्या देखत डब्या कशा वाटल्या ते. बायांनी डब्या घेतल्या नाहीत त्या तपासणीला नाही, हसण्याला घाबरून. बोलताना ती रडत नव्हती, पण नाक वाहत होतं आणि ते पुसायला रुमाल बोटांत येत नव्हता. डॉक्टरीणबाईंनी तो उचलून दिला.

पोस्टमन हळूच म्हणाला, "मला पत्रं एकेक सुटी करता येत नाहीत. पोरगी करून देते."

मास्तरांनी घडी सोडली. "मला फळ्यावर लिहिता येत नाही. मुलांना वाटतं, मी कंटाळलो."

शिंपीण उसळली. "हो, सांगा सगळे! आणि बंद करा आमचं औषध! त्या ड्रायव्हरचं केलंत तसं!"

कोपऱ्यातल्या बाईने मान वर केली. "तो माझा नवरा होता," ती म्हणाली.

शिंपीण तिच्याकडे वळली.

"पाय बधिर झाले म्हणून नाही बंद केलं. आजार यकृतात गेला होता. हे औषध लागू पडेना म्हणून दुसरं दिलं, तेही नाही पडलं. त्यांना कुणाला सांगायचं नव्हतं, म्हणून ते सगळ्यांना पायाचंच सांगायचे."

शिंपिणीने तोंडावर हात धरला. किती जोरात धरला ते तिला कळलं नसावं, गालावर बोटं उमटली.

डॉक्टरीणबाई मग बराच वेळ बोलल्या. बोटांसाठी औषध कमी करता येतं, काही जणांत मधेच थांबवताही येतं. थांबवल्यावर बोटं पुष्कळदा सुधारतात, सगळ्यांची नाही. पुढच्या टप्प्यात हेच बघायचंय, थोडे महिने दिलं तरी पुरतं का.

"आणि कमी केलं आणि गाठ परत आली तर?" धाकटीने विचारलं.

"तशी भीती थोडी वाढते. किती, ते मला आज नक्की सांगता येत नाही."

"म्हणजे ठरवायचं आम्ही?"

"एकट्याने नाही. पण हात तुमचे आहेत. तुमचं ऐकल्याशिवाय मी ठरवणार नाही."

धाकटीला वाटलं, यापेक्षा बंद करते म्हणाल्या असत्या तर बरं. निदान राग तरी काढता आला असता.

*

निर्णयाला तिने आठवडा लावला. नवरा एकदाच बोलला, ट्रॅक्टरचं चाक बदलता बदलता, तिच्याकडे न बघता. "मला तू पाहिजेस. हातासकट की हाताशिवाय, माझं काही म्हणणं नाही." मग पाना आपटून म्हणाला, "पण तुझं तुला बघायचंय. मी भीतीने काहीही बोलेन."

सासूबाईंनी एवढंच विचारलं, "गाई विकल्या तर जगशील?"

"जगेन की, आई."

"कशी?"

धाकटी गव्हाणीतली वैरण सारखी करू लागली.

तिने ते बोटं घालवणारं औषध अर्ध्यावर थांबवलं, गोळ्या चालू ठेवल्या. शिंपिणीने पूर्ण घ्यायचं ठरवलं. "माझी बोटं गेलीच आहेत," ती म्हणाली. "आता त्यांच्या बदल्यात काहीतरी मिळू दे."

सलाईन थांबलं आणि खरी भीती मग सुरू झाली. आधी निदान अंगात काहीतरी जातंय असं वाटायचं. आता पोटात जरा गुडगुडलं तरी धाकटी हातातलं काम टाकून उभी राहायची. जेवण उतरलं नाही की वाटायचं, आलं. भूक लागली की वाटायचं, गाठच खातेय. नवरा रोज तिच्या तोंडाकडे बघायचा आणि तिने बघितलं की नजर वळवायचा. पाऊस लागून गेला, ओढा वाहिला, गवत दारापर्यंत आलं. एका सकाळी, कितीतरी दिवसांनी पुन्हा तांबडीखाली बसताना, तिने सवयीने वाकून बघितलं आणि तिच्या लक्षात आलं, बघायच्या आधीच तिला कळलं होतं. सड गरम होता. उजव्या हाताच्या दोन बोटांना, फार नाही, जाड कापडातून लागावा तसा. ती कुणाला बोलली नाही. दूध काढून झालं तेव्हा मात्र सासूबाईंनी बादली बघितली, मग तिच्याकडे बघितलं आणि नुसतं म्हणाल्या, "आज गाय उभी राहिली वाटतं."

तपासणीचा दिवस आला. नवऱ्याला तिने बाहेर बसवलं. आत डॉक्टरीणबाईंनी फोटो उजेडाला धरून सगळं दोनदा बघितलं.

"सध्या काही दिसत नाही."

बाकी त्या पुष्कळ बोलल्या. धाकटीला फक्त "सध्या" ऐकू आलं. पुढची तारीख घेऊन ती बाहेर पडली, तर बाकावर शिंपीण बसली होती, तिचीही तपासणी आजच होती. तिचाही फोटो स्वच्छ निघाला होता. शिवणयंत्र तिने पुतणीला देऊन टाकलं होतं.

खोलीच्या दारात सिस्टर एका नव्या पेशंटला विचारत होती. "सदऱ्याची बटणं स्वतः लावलीत का? गार पाण्यात हात घातला तर काय होतं? नीट आठवून सांगा, काही बंद नाही करणार." तो माणूस विचारात पडला होता.

"आपलंच पाप ते," शिंपीण म्हणाली. "आता बसतात अर्धा अर्धा तास." मग जरा वेळाने, पुढे बघतच तिने विचारलं, "तू थांबवलंस, मी नाही. बरोबर कोण गं आपल्यात?"

"कळेल तेव्हा सांगू एकमेकींना."

"जी उरेल ती सांगेल," शिंपीण म्हणाली.

आधी धाकटीला हसू आलं, मग शिंपिणीला. दोघी हसत सुटल्या, बाकावरची माणसं वळून बघायला लागली, आणि हसता हसता दोघींच्याही डोळ्यांत भीती तशीच होती. शिंपिणीने चाचपडत तिचा हात शोधला आणि धरला. धाकटीला तो गार लागला. शिंपिणीला आपला हात कसा लागला, हे तिने विचारलं नाही. नवरा उठून यायला लागला तरी तिने हात सोडवून घेतला नाही.